लहरींची धास्ती आणि स्टिअरिंगवरचा हात

पत्र

ताई, आमच्या घरात मोबाइलवरून रोज काही ना काही वाजतं. सासूबाईंना रेडिएशनची भयंकर धास्ती आहे. रात्री दहा वाजले की त्या वायफाय बंद करतात. सहा महिन्यांच्या बाळाच्या खोलीत कुणी फोन नेला तर दिवसभर अबोला. सगळ्यांच्या फोनच्या पाठीवर त्यांनी कुठूनसं मागवलेलं सोनेरी स्टिकर चिकटवलंय, ते लहरी ‘शोषून घेतं’ म्हणे. सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवला, त्यांचा फोन मात्र कायम शर्टाच्या वरच्या खिशात. पंधरा वर्षांचा मुलगा चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली घेऊन झोपतो, गजर ऐकू यावा म्हणून. नवऱ्याला यातलं काही सांगायला गेले की म्हणतो, ‘आईचं फार मनावर घेऊ नकोस, मोबाइलने काही होत नाही.’ तो स्वतः अर्धं ऑफिस गाडी चालवताना फोनवर उरकतो. संध्याकाळी ‘कुठपर्यंत आलास’ म्हणून मी फोन केला तर पहिल्या रिंगला उचलतो, वर ‘हँड्सफ्री आहे गं’. मी नक्की कुणाचं ऐकू? घाबरायचं की नाही?
ता. क. पेट्रोल पंपावर फोनने आग लागते का? यावरूनही आमच्याकडे दोन तट आहेत.
– वैतागलेली सूनबाई

उत्तर

प्रिय सूनबाई,

घाबरायचं, पण सासूबाई ज्याला घाबरतात त्याला नव्हे. तुमच्या घरात सगळ्यात जास्त जपणूक होते ती जिथे धोका सगळ्यात कमी आहे तिथे. आणि ज्यांनी खरोखर जपायला हवं, ते तिघेही पुरुष निर्धास्त आहेत.

आधी सासूबाईंचं बघू, कारण त्यांची भीती हवेतून आलेली नाही. 2011 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मोबाइलच्या रेडिओलहरींना ‘2बी’ गटात टाकलं. या गटाचा अर्थ ‘कर्करोग होण्याशी संबंध असू शकेल, पण पुरावा तोकडा आहे, लक्ष ठेवा’ असा. बातमी पसरताना पहिला अर्धा भाग पसरला, दुसरा राहिला. कोरफडीच्या सबंध पानाचा अर्कही त्याच 2बी गटात आहे, पण तो फॉरवर्ड मला अजून कुणी पाठवलेला नाही.

पुढे लक्ष ठेवलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेला एक मोठा आढावा 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 1994 ते 2022 या काळातले 63 अभ्यास एकत्र तपासले होते. मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. दहा वर्षांहून जास्त काळ फोन वापरणाऱ्यांमध्येही नाही. यामागचं भौतिकशास्त्रही समजायला अवघड नाही. क्ष-किरणांमध्ये शरीरातल्या रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते, म्हणून एक्स-रे काढणारा माणूस स्वतः काचेआड जातो. रेडिओलहरींत तेवढी ऊर्जा नसते. त्या फार तर शरीराचा भाग किंचित तापवू शकतात, आणि तेही होऊ नये म्हणून फोनच्या शक्तीवर मर्यादा घातलेली असते.

ते सोनेरी स्टिकर मात्र आजच काढा. खोलीत गोंगाट असला की आपण आवाज चढवतो, तसंच फोनचं असतं: सिग्नल कमी मिळाला की तो टॉवरपर्यंत पोचण्यासाठी जास्त शक्तीने लहरी सोडतो. स्टिकरने लहरी खरोखरच अडल्या तर फोन आणखी जोर लावणार, आणि अडल्या नाहीत तर स्टिकर शोभेचं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असल्या ‘कवचां’बद्दल लोकांना हीच सूचना देऊन ठेवली आहे. सासूबाईंना खरंच काही करायचं असेल तर त्यांना सांगा, लांबलचक बोलणं स्पीकरवर किंवा इअरफोनवर करा. फोन डोक्यापासून वीतभर लांब गेला तरी शरीरात पोचणाऱ्या लहरी झपाट्याने कमी होतात. लिफ्टमध्ये किंवा तळघरात, जिथे सिग्नलची एकच काडी दिसते, तिथे गप्पा मारू नका. एवढं पुरे. हे त्यांच्या भीतीला मान देणारंही आहे आणि फुकटही.

रात्रीचं वायफाय? करू दे बंद. त्याने कुणाचं काही बिघडत नाही, उलट तुमच्या मुलाला त्याचा फायदाच होत असणार. सगळे वाद जिंकायचे नसतात; हा खुशाल हरा.

बाळाच्या खोलीत फोन नको, हा त्यांचा नियमही मी तसाच ठेवला असता, फक्त कारण बदलून. सहा महिन्यांचं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. चार्जर भिंतीत चालू आणि वायरचं मोकळं टोक पलंगावर लोंबतंय, हे दृश्य घराघरांत असतं, आणि ओलं तोंड व चालू वायर यांची गाठ पडू देऊ नये. शिवाय लांब वायर गळ्याभोवती गुंडाळली जाण्याची भीती वेगळी. फोन काढला की चार्जरही काढायचा, एवढी सवय घरातल्या सगळ्यांना लावा. दुसरं, बाळाला कुशीत घेऊन पडल्या पडल्या फोन बघताना तो हातातून निसटतो, आणि खाली बाळाचा चेहरा असतो. आणि पडद्याबद्दल, म्हणजे स्क्रीनबद्दल, म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालच्या मुलांना पडदा अजिबात नको. त्यामागची काळजी डोळ्यांपेक्षा बाळाच्या हालचालीची, झोपेची आणि माणसांशी खेळण्याच्या वेळेची आहे. तेव्हा सासूबाईंना सांगून टाका, तुमचा नियम बरोबर आहे. कारणाचा वाद घालत बसू नका.

आता गाडी. या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खुपलेलं वाक्य तुमच्या नवऱ्याचं आहे: ‘हँड्सफ्री आहे गं.’

ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. आलेला मेसेज कुणाचा, हे बघायला तीन सेकंद नजर खाली गेली तर गाडी 50 मीटर आंधळी धावली. हे बहुतेकांना पटतं, आणि म्हणूनच लोक हँड्सफ्री घेतात व निश्चिंत होतात. पण गाडी चालवताना फोनवर बोलण्यात खरं गुंततं ते लक्ष, हात नव्हे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे खोट्या गाडीत, चालकांना हँड्सफ्रीवर बोलायला लावलं आणि त्यांची नजर कुठे जाते ते यंत्राने टिपलं. रस्त्याकडेचे फलक त्यांच्या नजरेखालून गेले होते, डोळे त्यांच्यावर थांबलेही होते. नंतर विचारलं तर कित्येक फलक पाहिल्याचं त्यांना आठवेना. हा प्रयोग 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. फलकाच्या जागी रस्ता ओलांडणारं पोर असतं तर काय, हा प्रश्न नवऱ्याला न विचारताही त्याच्या मनात येईल. जागतिक आरोग्य संघटना सांगते की गाडी चालवताना मोबाइल वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, आणि हँड्सफ्री फोन हातातल्या फोनपेक्षा फारसा सुरक्षित नाही.

‘मग शेजारी बसलेल्याशी बोललं तर चालतं, ते कसं?’ असं तो म्हणेल. सगळेच म्हणतात. शेजारी बसलेल्याला समोरचा रस्ता दिसतो. वळण आलं, ट्रक अंगावर आला, की तो आपोआप गप्प होतो, किंवा ‘अरे बघ’ म्हणून ओरडतो. फोनवरच्या साहेबाला यातलं काहीच दिसत नाही. तो ऐन चौकात आकडे विचारतो आणि उत्तराची वाट बघतो.

इथे तुमचाही वाटा आहे, सूनबाई, राग मानू नका. ‘कुठपर्यंत आलास’ हा फोन तुम्ही करता तेव्हा तो गाडी चालवतोय हे तुम्हाला ठाऊक असतं. तेच तर विचारायचं असतं. त्याने पहिल्या रिंगला उचलला म्हणून तुम्ही चिडता, आणि तिसऱ्या रिंगपर्यंत उचलला नाही तर काळजीने पुन्हा लावता, असंही असेल. तो फोन बंद करा. नकाशाच्या अॅपमध्ये आपलं ठिकाण घरच्यांना दिसत राहील अशी सोय असते. निघताना त्याने ती चालू केली की गाडी कुठे आहे ते तुम्हाला एक शब्द न बोलता कळेल. त्याच्या फोनमध्ये ड्रायव्हिंगचा मोडही असेल. तो चालू असताना मेसेजचा आवाज होत नाही, आणि काही फोनमध्ये ‘मी गाडी चालवतोय, पोचल्यावर बोलतो’ असं उत्तर आपोआप जातं. ऑफिसच्या माणसांना चार दिवसांत सवय होते. रस्ता शोधायचा असेल तर पत्ता गाडी सुरू करण्याआधी टाकायचा आणि पुढे फक्त ऐकायचं. फोन काचेला किंवा डॅशबोर्डला लावताना तो एअरबॅग उघडते त्या जागेसमोर येऊ नये, नाहीतर अपघातात तोच फोन तोंडावर आदळेल.

हे सगळं त्याला गाडीत बसून सांगू नका. चालत्या गाडीतलं भांडण फोनपेक्षा बरं नसतं.

सासऱ्यांचा वरचा खिसा मात्र आजच्या आज रिकामा करायला हवा, आणि इथेही कारण लहरी नाहीत, चुंबक आहे. पेसमेकरमध्ये एक चुंबकाने चालणारी कळ मुद्दाम ठेवलेली असते. तपासणीच्या वेळी डॉक्टर छातीवर चुंबक धरतात, यंत्र हृदयाचे ठोके ‘ऐकणं’ तात्पुरतं थांबवतं आणि ठरावीक गतीने चालू लागतं. ही सोय डॉक्टरांसाठी आहे. पण हल्लीच्या काही फोनमध्ये, त्यांच्या कव्हरमध्ये आणि वायरलेस चार्जरमध्येही बऱ्यापैकी ताकदीची चुंबकं असतात, आणि अशी वस्तू थेट यंत्रावर आली तर तीच कळ दाबली जाऊ शकते. धोकादायक ठोके आले की झटका देऊन हृदय ताळ्यावर आणणारं यंत्र, म्हणजे आयसीडी, असेल तर प्रकरण आणखी गंभीर, कारण चुंबकामुळे ते यंत्र झटका द्यायचंच थांबू शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला साधा आहे: फोन आणि स्मार्ट घड्याळ यंत्रापासून किमान 15 सेंटीमीटर लांब. चुंबक असलेल्या आयफोनबाबत अॅपलने वायरलेस चार्जिंग चालू असताना 30 सेंटीमीटर अंतर सांगितलंय. म्हणजे फोन पँटच्या खिशात, बोलताना यंत्राच्या विरुद्ध बाजूच्या कानाला, आणि झोपताना छातीवर फोन ठेवून बातम्या ऐकायची सवय असेल तर ती बंद. चुंबक दूर केलं की यंत्र पूर्ववत होतं, तेव्हा दोन वर्षं खिशात होता म्हणून हातपाय गाळू नका. पण पुढच्या तपासणीला यंत्राचं कार्ड आणि फोन, दोन्ही घेऊन जा आणि डॉक्टरांना दाखवा.

त्यांच्याच फोनमध्ये आणखी एक काम करून ठेवा. बहुतेक स्मार्टफोनमध्ये आणीबाणीची वैद्यकीय माहिती भरता येते, आणि ती कुलूप न उघडता समोरच्याला वाचता येते. पेसमेकर आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती, आणि तुमचे दोघांचे नंबर तिथे घाला. रस्त्यात चक्कर येऊन पडले तर ही माहिती उपयोगी पडेल.

आता चिरंजीव. फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीत दोन थरांमध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो. उष्णतेने, दाबाने किंवा कारखान्यातल्या दोषाने तो फाटला की आत शॉर्टसर्किट होतं, त्याने उष्णता वाढते, उष्णतेने रासायनिक क्रिया आणखी भडकतात, आणि एकदा ही साखळी सुरू झाली की चार्जर काढूनही ती थांबत नाही. सॅमसंगने 2016 मध्ये गॅलेक्सी नोट 7 परत मागवला आणि शेवटी बाजारातून काढूनच घेतला, तो बॅटरीतल्या अशाच दोषांमुळे. चांगल्या फोनमध्ये असं क्वचितच होतं. ‘रात्रभर चार्जिंगला लावला तर फुटतो’ हेही तितकंसं खरं नाही, बॅटरी भरली की आजचे फोन प्रवाह स्वतःच थांबवतात. पण चार्ज होताना फोन तापतो, आणि उशीखाली ती उष्णता कोंडून राहते. वर कापूस, खाली गादी, मध्ये पोराचं डोकं. याहून वाईट जागा शोधूनही सापडणार नाही.

त्याला गजर हवा आहे ना? त्याला साधं गजराचं घड्याळ आणून द्या आणि फोन टेबलावर, कडक, उघड्या जागेवर चार्जिंगला ठेवायला लावा, पलंगावरून हात पोचणार नाही इतक्या अंतरावर. झोपही सुधारेल. पंधराव्या वर्षी नियम नुसता लादला तर तो रात्री फोन पुन्हा आत घेईल. आधी त्याला बॅटरीचं हे कारण सांगा, मुलांना यंत्राची कारणं पटतात.

चार्जर कुठला आहे तेही एकदा बघा. चार्जरचं काम भिंतीतल्या विजेचा जीवघेणा दाब, म्हणजे व्होल्टेज, उतरवून फोनला चालेल इतका करण्याचं असतं, आणि या दोहोंमध्ये आतल्या इन्सुलेशनचा अडसर असतो. फुटपाथवरच्या नकली चार्जरमध्ये पैसे वाचवले जातात ते नेमके तिथे. मग वायरच्या टोकापर्यंत पूर्ण दाब येऊ शकतो. म्हणूनच चार्जिंगला लावलेला फोन बाथरूममध्ये नेणं किंवा ओल्या हाताने धरणं एकदम वर्ज्य. एक्स्टेन्शनची वायर ओढून टबाशेजारी फोन ठेवलेल्यांचे जीव गेलेले आहेत. स्वयंपाक करताना ओट्यावर फोन बघत असाल तर तो चार्जरवर नको आणि शेगडीच्या शेजारी नको. विजा कडकडत असताना फोन वापरला म्हणून वीज आकर्षित होत नाही, पण तेव्हा तो भिंतीतल्या वायरीला जोडलेला नसावा.

फोनची पाठ फुगलेली दिसली, पडदा कडेने उचललेला वाटला, तर तो त्याच क्षणी बंद करा. चार्ज करायचा नाही, दाबून बसवायचा नाही, टाचणीने हवा काढायचा प्रयत्न तर अजिबात नाही. घरातल्या कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका. सेवा केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. खणात पडलेले जुने फोनही एकदा काढून बघा. धूर निघायला लागला तर हात लावू नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

मुलाच्या कानांबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 90 डेसिबलचा फक्त चार तास. मुलांसाठी मर्यादा याहून खाली, 75 डेसिबल. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनचा आवाज किती झाला ते दिसतं आणि त्याला कमाल मर्यादाही घालता येते. ती घाला. रस्त्यावर चालताना एक कान मोकळा, रस्ता ओलांडताना दोन्ही.

सगळ्यांनाच लागू असलेली एक गोष्ट तुमच्या पत्रात नव्हती, तरी सांगते, कारण घरात ज्येष्ठ आहेत. ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारा कुणी सासऱ्यांना एखादं अॅप उतरवायला आणि पडदा शेअर करायला सांगेल. एकदा पडदा शेअर झाला की ओटीपीसह सगळं त्याला दिसतं. बँक असं कधीच सांगत नाही. त्यांना एवढंच शिकवा: समोरचा घाई करायला लागला की फोन ठेवायचा, आणि बँकेच्या कार्डामागे छापलेल्या नंबरवर आपण स्वतः फोन करायचा. फोन ठेवणं म्हणजे उद्धटपणा, असं त्या पिढीला वाटतं. तो उद्धटपणा करायची परवानगी घरातल्यांनी त्यांना आधीच देऊन ठेवावी.

आणि तुमचा ता. क. पेट्रोल पंपावर आग लागल्याच्या घटना घडतात, पण त्यांचा संशयित दुसरा आहे: अंगावर साठलेली स्थिर वीज. पेट्रोल भरायला नळी लावून चालक पुन्हा गाडीत जाऊन बसतो, सीटवर कपडे घासून अंगात वीज साठते, आणि उतरून नळीला हात लावला की ठिणगी उडते. ती थेट पेट्रोलच्या वाफेत. स्वतः पेट्रोल भरत असाल तर मध्येच गाडीत बसू नका, आणि बसलात तर नळीला हात लावण्याआधी गाडीच्या पत्र्याला, टाकीच्या तोंडापासून लांब, हात टेकवा. तरीही तिथे फोन खिशातच राहू द्या. बंदीचा फलक लावलेला असतो, तो पाळायचा, आणि नळी टाकीत असताना आपलं लक्ष नळीवरच हवं. तुमच्या घरात यावर दोन तट आहेत म्हणालात. दोघांनाही निम्मे गुण द्या.